रोपं किती ते ठीक, आया किती?

प्रति,
इंदूर शहरातली सर्व वृक्षारोपण मंडळं, बीजगोळे करणारे गट, कॉलन्यांच्या उद्यान समित्या आणि त्यांना रोपं पुरवणाऱ्या रोपवाटिका यांस,

स.न.वि.वि.

आधी माझी चूक सांगते, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील. गेली ९ वर्षं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्याकडून चारोळीची रोपं नेली. राजेंद्र नगरात आमच्या गच्चीवर, काळ्या पिशव्यांत वाढवलेली. काहींनी हार घातले, एका मंडळाने शाल-श्रीफळही दिलं. ती रोपं, अगदी एकूण एक, एकाच झाडाची पोरं आहेत.

ते झाड चोरलच्या अलीकडे आहे, रस्त्यापासून दोन शेतं आत, बांधावर. आजूबाजूचं रान कधीचंच गेलं, हे एक सावलीसाठी राहिलं. फांद्या हाताला येतात, गाडी खाली लावता येते, शेतमालकाची बायको ताक देते. इतक्या सोयी असल्यावर दुसरं झाड कोण शोधतं! वैशाखात फळं काळी-जांभळी झाली की मी चादर अंथरायची, फांद्या हलवायची आणि दोन तासांत पिशवी भरून घरी. मग बादलीत गर चोळून काढायचा, बोटं आठवडाभर जांभळट. आठळी टणक, कवच फोडलं नाही तर रुजायला महिने घेते, फोडायला गेलं तर आतला दाणा दुखावतो. १० मधल्या ३ रुजल्या तरी मी खूश असायची. एवढी मेहनत केलेल्या माणसाला आपलं काही चुकत असेल असं वाटतच नाही.

माझी भाची जबलपूरला झाडांच्या आनुवंशिकतेवर काम करते. मागच्या दिवाळीत तिला हौसेने एका मंडळाच्या प्लॉटवर नेलं. ओळीने लावलेली चारोळी, डोक्याच्या वर गेलेली. मी म्हटलं, बघ, ४०० आहेत. तिने दोन-चार पानं उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "मावशी, आया किती?"

मला कळलंच नाही. ती म्हणाली, "रोपं ४०० आहेत ते दिसतंय गं. बी किती झाडांचं आहे?"

एका, म्हटलं. ती काही बोलली नाही. पोरगी मोठ्यांचा मान ठेवणारी आहे. गाडीत बसल्यावर मात्र तिने जो हिशेब सांगितला तो मी तुम्हाला तसाच सांगते. एका आईची हजार रोपं घ्या. सगळ्यांचे बाप वेगवेगळे आणि परके आहेत असं समजा. तरीही आनुवंशिक विविधतेच्या मापात ती हजार रोपं फार तर ४ परक्या झाडांइतकी भरतात. बापही एकच असेल तर २. याचं कारण सोपं आहे: आईकडे प्रत्येक जनुकाच्या दोनच प्रती असतात आणि हजारांतल्या प्रत्येकाला त्या दोनांतलीच एक मिळते. रोपं हजारावरून लाखावर नेली तरी आकडा चाराच्या पुढे सरकत नाही. उलट ३० वेगवेगळ्या, एकमेकांच्या नात्यात नसलेल्या झाडांचं बी सारखं-सारखं घेतलं, तर तोच आकडा १२० पर्यंत जाऊ शकतो. म्हणजे माझी ९ वर्षं, शेकडो पिशव्या, शाल आणि श्रीफळ मिळून झाडं झाली ४. तीही बांधावरच्या एकट्या झाडाला परके बाप भरपूर मिळाले असं धरून, आणि ते धरणं अवघडच.

आपल्याकडे पत्रिका नंतर, आधी गोत्र विचारतात. मामाची मुलगी चालते म्हणणारी घरं आहेत, न चालणारीही आहेत, तो वाद इथे नको. पण सख्ख्या-सावत्र भावंडांचं लग्न कोणी लावत नाही. मी नेमकं तेच लावून दिलं. त्या प्लॉटवरच्या काही झाडांना यंदा मोहर आला आहे. माश्या या झाडावरून त्या झाडावर जातील, पण या झाडाचा पराग आणि त्या झाडाचं फूल ही एकाच आईची लेकरं. प्रत्येक झाडात, माणसात असतात तसेच, काही दोष दबून राहिलेले असतात. दुसरी प्रत चांगली असते म्हणून ते दिसत नाहीत. नात्यातलं परागीभवन झालं की दोन्हीकडून तीच खराब प्रत येण्याची शक्यता वाढते. बी पोचट निघतं, रुजलं तर रोप खुरटतं, आणि यातलं काही लावणाऱ्याच्या हयातीत दिसेलच असं नाही.

हे फक्त गच्चीवरच्या हौशी बाईपुरतं असतं तर पत्र लिहिलं नसतं. जंगलातही माणसाने हेच केलंय, फार मोठ्या मापावर, आणि तिथलं जे उरलंय त्यातूनच आपण बी आणतो.

चारोळीचंच घ्या. श्रीखंडावर, बासुंदीत आपण चिमूटभर टाकतो तो दाणा म्हणजे त्या झाडाचं बी. मध्य प्रदेशातल्या गावांत या झाडाला अचार म्हणतात (आपल्याकडच्या पाहुण्यांचा हमखास घोटाळा होतो). दाणा बाजारात किलोला हजारावर जातो, म्हणून फळ पिकायची वाट कोणी बघत नाही. आज आपण थांबलो तर उद्या शेजारच्या पाड्यावरचे तोडतील, ही भीती. मग हिरवी फळं ओरबाडली जातात, चढता येत नसेल तर फांदीच तोडली जाते. तोडणाऱ्याला मी दोष देत नाही, त्याच्या चुलीचा प्रश्न आहे. पण परिणाम बघा: मोठ्या दाण्याचं, भरघोस फळणारं झाड सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून सर्वांत आधी तेच लुटलं जातं. त्याचं एकही बी जमिनीवर पडत नाही. ज्याच्याकडे कोणी वळत नाही त्या झाडाचा वंश चालतो.

सागाचंही तसंच. १८६४ साली इंग्रजांनी वनखातं काढलं, डीट्रिख ब्रँडिस त्याचे पहिले प्रमुख. रेल्वेला स्लीपर आणि जहाजांना लाकूड कमी पडायला लागलं होतं हे त्यामागचं मोठं कारण. आपल्या इंदूरला रेल्वे आली ती तुकोजीराव होळकरांनी दिलेल्या १ कोटीच्या कर्जावर, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, सांगावीच. पण त्या काळात देशभर रानात कुऱ्हाड कुठल्या झाडाला लागली? सरळ, जाड, बिनगाठीच्या. वाकडा, दुभंगलेला, पोकळ साग मागे राहिला आणि पुढच्या पिढीचं बी त्याने पाडलं. माळव्यातला शेतकरी गव्हाची सर्वांत भरलेली लोंबी बियाण्याला राखून ठेवतो. जंगलात आपण दीडशे वर्षं सर्वांत भरलेली लोंबी खाऊन टाकली.

सालईचा आणखी वेगळा प्रकार. धुपाच्या डिंकासाठी तिच्या खोडाला चिरा मारतात. एरिट्रियात तिच्याच जातकुळीतल्या एका झाडावर अभ्यास झाला, तेव्हा चिरा मारलेल्या झाडांना बी कमी आणि रुजायला कमजोर आढळलं. झाड उभं असतं, हिरवं असतं, पण बी धरायची ताकद खोडातून वाहून गेलेली असते.

इथेच आपली फसगत होते. झाड शे-दीडशे वर्षं जगतं, आणि आज उभ्या असलेल्या मोठ्या झाडांतली विविधता जुन्या, सलग जंगलातून आलेली असते. रान तुटून ३० वर्षं झाली तरी ती तशीच दिसते. रामबागेतल्या जुन्या वाड्यांसारखं आहे हे. ओसरीवर आजी-आजोबा बसलेले दिसतात म्हणून घर भरलेलं वाटतं. पोरं पुण्याला, नातवंडं अमेरिकेत, हे आत गेल्याशिवाय कळत नाही. जंगलाची खरी तब्येत बघायची तर मोठ्या झाडांकडे बघू नका, त्यांच्या खालच्या रोपांकडे बघा. ती आहेत का, आणि असली तर कोणाची?

"कोणाची" हा प्रश्न उगाच नाही. कोस्टारिकात एका झाडावर झालेलं काम १९९८ साली प्रसिद्ध झालं. जंगल तोडून कुरणं केलेली, मध्ये जंगलाचे तुकडे, कुरणात सोडून दिलेली मोजकी मोठी झाडं. तुकड्यांत रोपं भरपूर होती, कोणीही म्हणावं की जंगल झकास सावरतंय. डीएनए तपासला तर बहुतेक रोपं त्या कुरणातल्या चार-दोन झाडांची निघाली. तुकड्यातल्या बाकीच्या मोठ्या झाडांचा वंश जवळपास थांबलाच होता. मी हे ऐकलं तेव्हा मला माझं बांधावरचं झाड आठवलं. भरपूर ऊन, भरपूर जागा, म्हणून भरपूर फळं. आणि भरपूर फळं म्हणून सगळे तिथेच जातात. पाखरंही आणि मीही.

झाडाला काही उठून परगावी स्थळ बघायला जाता येत नाही. त्याचे मध्यस्थ म्हणजे माश्या, पाखरं, वटवाघळं, वारा. तेव्हा तुकड्यांमधलं अंतर किती, यापेक्षा मध्यस्थ कोण हे महत्त्वाचं. वड-पिंपळ-उंबराचे मध्यस्थ म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसतील असे चिलटाएवढे कीटक, पण वाऱ्यावर स्वार होऊन जातात. नामिबियाच्या वाळवंटात उंबराच्या जातकुळीतल्या झाडांचा पराग या कीटकांनी १६० किलोमीटरपर्यंत नेल्याचं सापडलंय. इंदूरहून १६० किलोमीटर म्हणजे खांडव्याच्याही पलीकडे! त्यामुळे रेसिडेन्सीतल्या एखाद्या वडाला शहरात एकटं वाटत असेल असं मानायचं कारण नाही. (फांदी रोवून लावलेले वड मात्र ज्या झाडाची फांदी त्याचीच नक्कल असतात, ते लक्षात ठेवा.)

पळसाचं तसं नाही. दिल्लीत पळसावर काम झालं, २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. फुलांवर कितीतरी पाखरं येतात, पण परागीभवनाचं काम नीट करणारे मोजकेच, मुख्य म्हणजे जांभळा शिंजीर आणि आपली साधी खार. आणि पळस स्वतःच्या परागाला सहसा दाद देत नाही. दोन पळसांमध्ये सहापदरी रस्ता, मॉल आणि दोन टाउनशिप आल्या की खार तिकडे जाणार नाही. शिंजीर जाईल कदाचित, पण एकाच झाडावर पोट भरत असेल तर का जाईल? होळीच्या सुमारास बायपासला एखादा एकटा पळस अंगभर पेटलेला दिसतो, लोक थांबून फोटो काढतात. वैशाखात तिथे परत जाऊन त्याला शेंगा किती लागल्या ते कोणी बघतं का? मी मागच्या वर्षी गेले. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या होत्या. एका झाडावरून निष्कर्ष काढत नाही, नुसतं पाहिलं ते सांगते.

रालामंडळ घ्या. १९८९ साली अभयारण्य झालं, होळकरांच्या शिकारखान्याची ती टेकडी, अडीचशे हेक्टरही नाही. एकेकाळी ते चोरल-महूकडच्या डोंगरांशी रानाने जोडलेलं असणार. आता चहूबाजूंनी शहर. त्या टेकडीवरची झाडं चांगली जपली जातात, पण जपली जाते ती एका बेटावरची वस्ती. तिला अधूनमधून बाहेरचं रक्त लागतं, आणि ते रक्त वाटेतल्या शेतबांधांवरच्या झाडांवरून टप्प्याटप्प्याने येतं. म्हणून बांधावरच्या ज्या झाडाला मी वर नावं ठेवली, ते तोडायला मात्र मी विरोधच करीन. एकटी आई म्हणून ते कमी पडतं, दोन रानांमधला सांकव म्हणून लाखमोलाचं आहे. महूकडे घाटात रस्ते आणि रेल्वे रुंद होतायत तिथे "एका झाडाबदल्यात दहा" म्हणतात. त्या दहांची आई एकच असेल, आणि तोडलेली शंभर झाडं शंभर घराण्यांची असतील, तर हा हिशेब दुकानदारसुद्धा मान्य करणार नाही.

"झाडं एकसारखी असली तर बिघडलं काय?" असं गेल्या आठवड्यात एका मंडळाच्या सेक्रेटरींनी मला फोनवर विचारलं. उत्तरादाखल त्यांना इंग्लंडच्या एल्म नावाच्या झाडाची गोष्ट सांगितली, तुम्हालाही सांगते. तिथल्या गावोगावच्या कुंपणांवर असलेला एल्म हा मुळात एकाच झाडाची फुटव्यांनी वाढवलेली नक्कल निघाला, रोमन लोकांनी २ हजार वर्षांपूर्वी द्राक्षवेलांच्या आधारासाठी पसरवलेली. २ हजार वर्षं काही बिघडलं नाही. मग १९७०च्या आसपास एक बुरशी आली, आणि काही वर्षांत ब्रिटनमधले दोन कोटींहून जास्त एल्म गेले. एका झाडाला जे जमलं नाही ते कोणालाच जमलं नाही. पाऊस लहरी झालाय, उन्हाळे चढतायत; ४०० भावंडांत एखाद्याकडे वेगळी युक्ती असण्याची शक्यता किती, ते तुम्हीच ठरवा.

आता रेवती रेंजवरच्या वृक्षारोपणाबद्दल. १४ जुलै २०२४ ला आपल्या शहराने एका दिवसात ११ लाखांवर रोपं लावली, गिनीजने नोंद घेतली. मीही चिखलात गुडघाभर उभी होते, चार खड्डे माझ्या वाट्याचे. त्या दिवसाची थट्टा करणाऱ्यांतली मी नाही. हजारो माणसं पावसात एका कामासाठी घराबाहेर पडली हे थोडं नाही. पण त्या दिवशी माझ्या हातात आलेल्या चार रोपांची आई कोण, हे मला कोणी सांगू शकलं नाही. मी विचारलंही नाही, कारण तेव्हा मला तो प्रश्नच ठाऊक नव्हता.

आता तो विचारावा, एवढंच मागणं आहे. तुमच्या रजिस्टरात रोपाचं नाव, संख्या, खड्ड्याचं माप, किती जगली हे रकाने असतात. त्यात आणखी एक ओढा: बी कुठलं, किती झाडांचं. रोपवाटिकेत गेलात की दराआधी हे विचारा. पहिल्या वर्षी लोक तुमच्याकडे बघत राहतील, तिसऱ्या वर्षी उत्तर तयार ठेवतील, गिऱ्हाईक विचारतंय म्हटल्यावर ठेवावंच लागतं. रोपवाटिकावाल्यांनी जंगली झाडांचं बी निदान ३० झाडांचं, एकमेकांपासून शंभरेक मीटर लांब असलेल्या झाडांचं घ्यावं आणि मिसळून पेरावं. कुठल्याही झाडाची पाचांत एका वाट्याहून जास्त फळं उचलू नयेत, बाकी पाखरांची आणि जमिनीची. सोयीच्या झाडाशी थांबू नये. वाकडं, उंच, काटेरी झुडपाआडचं, पायपीट करायला लावणारंही घ्यावं. क्लोन करून वाढवलेला साग शेतात लावायचा तर खुशाल लावा, पण रानाला चिकटून नको, त्याचा पराग रानात जातो. आणि जिथे रस्त्यासाठी झाडं पडणारच आहेत, तिथे कुऱ्हाडीआधी एक हंगाम बी गोळा करू द्या. वनखात्याने परवानगी दिली तर आम्ही फुकट करू.

त्या ४०० झाडांचं काय, असं मंडळाने विचारलंय. उपटायची नाहीत. त्यांच्या मध्येमध्ये परक्या घराण्यातली रोपं लावत जायची. सुना आणि जावई आणायचे म्हणा ना.

तर वैशाखाची तयारी चालू आहे. जुन्या साड्यांच्या ३० पिशव्या शिवून ठेवल्यात, मार्करने १ ते ३० आकडे घातलेत, एका झाडाला एक पिशवी. परवा एका रविवारी भाचीबरोबर पायी फिरले, कारण चारोळीला सध्या मोहर आहे आणि मोहरात झाड लांबून ओळखता येतं. १२ झाडं सापडली. दोन पाताळपाणीकडे, तीन-चार कालाकुंडच्या उतारावर, बाकी चोरल नदीच्या काठाने. एक तर इतक्या अडचणीत आहे की तिथपर्यंत पोहोचायला मला बसून घसरावं लागलं, साडी फाटली ती वेगळीच. वनखात्याकडे बी गोळा करायच्या परवानगीचा अर्ज दिलाय. १८ पिशव्या अजून रिकाम्या आहेत. मानपूर, जानापाव, उदयनगर, बागलीकडे कोणाला चारोळीचं झाड ठाऊक असेल, विशेषतः जिथे गाडी जात नाही असं, तर मोहर झडायच्या आत कळवा. खूण सांगितली तरी पुरे, चालायची माझी तयारी आहे.

आपली नम्र,
गच्चीवरची एक रोपवाली,
राजेंद्र नगर, इंदूर